नापास कोण : वस्तू की वापरणारा?

एखादी नवी वस्तू निघते. तिच्यामागचे विज्ञान पक्के असते, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ती उत्तीर्ण झालेली असते, कधी कधी ती फुकटही वाटली जाते. दोन वर्षांनी पाहावे तर ती कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते. दुसरी एखादी वस्तू मात्र कोणतीही सरकारी मोहीम नसताना घरोघर पोचते आणि पन्नास वर्षे टिकते. असे का होते?

या प्रश्नावरचे सर्वांत प्रभावी पुस्तक म्हणजे एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे ‘डिफ्युजन ऑफ इनोव्हेशन्स’. त्याची पहिली आवृत्ती १९६२ साली निघाली आणि पाचवी २००३ साली. पुढच्याच वर्षी रॉजर्स वारले. शेतीविस्तार, कुटुंबनियोजन, आरोग्य, शिक्षण, संगणक-उद्योग अशा सर्व क्षेत्रांनी त्यांची परिभाषा उचलली. शिक्षकांचा तर या परिभाषेशी जवळचा संबंध येतो. शाळेत प्रयोगपेटी येते, संगणक येतो, टॅब येतो. तो वापरला गेला नाही की ‘शिक्षक बदलायला तयार नसतात’ असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष कोठून येतो आणि तो कितपत खरा, हे तपासण्यासाठी रॉजर्स यांचा सिद्धांत आपण एका साध्या वस्तूवर, म्हणजे चुलीवर, घासून पाहणार आहोत.

सिद्धांत काय म्हणतो?

सिद्धांताचे मूळ अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतात आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी तेथील २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास करून १९४३ साली प्रसिद्ध केला. संकरित मक्याचे बियाणे १९२८च्या सुमारास तेथे आले. उत्पन्न सुमारे २० टक्के जास्त, दुष्काळात तग धरण्याची ताकदही जास्त. तरी ते सर्वत्र पोचायला तेरा वर्षे लागली. १९४१पर्यंत दोघे सोडून बाकी सगळ्यांनी ते स्वीकारले होते. दर वर्षी एकूण किती जणांनी स्वीकारले याचा आलेख काढला तर तो इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो : आधी हळू, मग झपाट्याने, शेवटी पुन्हा हळू.

रॉजर्स यांनी स्वीकारणाऱ्यांचे पाच गट पाडले. अगदी पुढाकार घेणारे २.५ टक्के, लवकर स्वीकारणारे १३.५ टक्के, त्यांच्यामागून येणारा बहुसंख्य समाज ३४ अधिक ३४ टक्के, आणि सर्वांत शेवटचे १६ टक्के. या शेवटच्यांना त्यांनी ‘लॅगार्ड’ म्हणजे रेंगाळणारे असे नाव दिले. नवी गोष्ट चटकन पसरेल की नाही हे ओळखण्यासाठी पाच कसोट्याही सांगितल्या. जुन्यापेक्षा ती फायद्याची वाटते का? रोजच्या जगण्याशी जुळते का? समजायला सोपी आहे का? थोडीशी वापरून पाहता येते का? आणि तिचा परिणाम दुसऱ्याला दिसतो का?

या पाच कसोट्या हा पुस्तकातला सर्वांत टिकाऊ भाग आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचे उदाहरण घेऊ. बंद भांड्यात वाफ कोंडून अन्न शिजवण्याची युक्ती डेनिस पापँ याने १६७९ साली दाखवली होती. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे कुकर १९५९ साली आले. आतला दाब वातावरणाच्या दुप्पट झाला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे तासभर शिजणारी तुरीची डाळ थोड्या वेळात शिजते. वेळ वाचतो, इंधन वाचते. कुकर गॅसवर चालतो, स्टोव्हवर चालतो आणि चुलीवरही चालतो. आत डबे रचून वरण, भात आणि बटाटे एकाच वेळी होतात. तवा, परात, भाकरी यांच्या वाटेला तो जात नाही. एकदा वापरून पाहावा, न पटल्यास त्या दिवशी पुन्हा पातेले ठेवावे. शिट्टी तर शेजारच्या घरातही ऐकू जाते. ‘तीन शिट्ट्या’ हे वेळेचे माप म्हणून रूढ होण्याइतका तो बायकांनी आपलासा केला. रबरी रिंग झिजली तर ती बाजारात सहज मिळते. पाचही कसोट्यांना कुकर उतरतो.

कसोट्या वापरायच्या केव्हा?

येथेच पहिली शंका येते. कुकर यशस्वी झाला हे माहीत असताना आपण त्याला गुण दिले. समजा, १९५९ साली कोणी विचारले असते, तर याच कसोट्यांवर उलटे उत्तर देणेही अवघड नव्हते. झाकण लावले की आत काय चालले आहे ते दिसत नाही, ढवळता येत नाही, मीठ-पाणी पाहता येत नाही. फुसफुसणाऱ्या वाफेची भीती वाटते. किंमतही साध्या पातेल्यापेक्षा पुष्कळ जास्त. कुकर पडून राहिला असता तर ‘रोजच्या जगण्याशी जुळला नाही’ असे आपण तितक्याच खात्रीने लिहिले असते.

यश आणि अपयश दोन्ही घडून गेल्यावर सारख्याच सहजतेने समजावून देणारे स्पष्टीकरण विज्ञानात कच्चे मानले जाते. रॉजर्स यांनाही या अडचणीची जाणीव होती. बहुतेक अभ्यास लोकांनी वस्तू स्वीकारल्यानंतर केले जातात, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. तेव्हा कसोट्या चुकीच्या आहेत असे नाही. वस्तूचा आराखडा पक्का होण्याआधी, आणि ती वापरणाऱ्याच्या हातात असताना त्या लावल्या, तरच त्यांचा उपयोग. त्या कोणी लावायच्या हाही प्रश्न आहेच. निर्धूर चुलीच्या इतिहासातून हे स्पष्ट होते.

निर्धूर चुलीची परीक्षा

उघड्या चुलीचा धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असतो, याबद्दल आज शंका उरलेली नाही. उपाय शोधण्याचे प्रयत्नही जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४०च्या दशकात ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरांविषयी पुस्तिका लिहिली. १९८३च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ साली तो बंद झाला तेव्हा सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्याची नोंद होती. तरीही भारतातल्या खेड्यांतून धूर गेला नाही. पुष्कळ चुली मोडल्या किंवा वापरातून गेल्या.

का? ‘बायकांना धुराची सवयच झालेली असते, त्यांना पटवणे कठीण’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. आपण आधी चुलीकडे पाहू.

सुधारित चुलीची कार्यक्षमता मोजण्याची रूढ पद्धत अशी : ठराविक पाणी तापवायचे, जळलेले सरपण तोलायचे आणि सरपणातून मिळालेल्या उष्णतेपैकी किती उष्णता पाण्यात गेली ते काढायचे. प्रयोग म्हणून हे उत्तम. पण कोणाच्याही घरी नुसते पाणी शिजत नाही. ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकतात, पाणी फिरवतात, उलटतात, आणि मग तवा बाजूला करून किंवा चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर धरून ती फुगवतात. त्यासाठी चुलीचे तोंड रुंद हवे आणि पुढे आर ओढता यायला हवा. उष्णता कोंडून ठेवायची म्हणून सुधारित चुलीचे तोंड लहान केलेले असते. पाण्याच्या चाचणीत ही चूल पहिली येते आणि भाकरीच्या चाचणीत तिला बसताच येत नाही.

सरपणाचेही तसेच. लहान तोंडाच्या चुलीत लाकूड बारीक फोडूनच घालावे लागते. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, जे मिळेल ते जाळणाऱ्या घरात लाकूड फोडण्याचे काम वाढते, आणि ते बहुधा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याच वाट्याला येते.

आता धुराड्याकडे पाहू. धुराड्यातली गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असल्याने वर चढते आणि चुलीच्या तोंडातून नवी हवा आत ओढली जाते. ही ओढ कमी पडली तर धूर घरात येतो. फार झाली तर भांड्याला मिळण्याआधीच उष्णता वर निघून जाते आणि सरपण जास्त लागते. म्हणजे धुराड्याची उंची, व्यास आणि चुलीच्या आतले अडसर यांचा मेळ जमावा लागतो. काही महिन्यांत आत काजळी साठते. ती काढली नाही तर ओढ मंदावते आणि निर्धूर चूल पूर्वीसारखीच धूर ओकू लागते. छपरातून पाइप गेला तेथून पावसाळ्यात पाणी झिरपते. काजळी कोणी काढायची, तडकलेला पाइप कोठून आणायचा, बुजलेली भेग कोणी लिंपायची, या प्रश्नांची उत्तरे योजनेच्या कागदावर नव्हती. कागदावर बसवलेल्या चुलींची संख्या होती.

ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ४४ गावांतल्या सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षे पाठपुरावा केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढे हा फरक नाहीसा झाला. आरोग्यात किंवा सरपणाच्या खर्चात सुधारणा दिसली नाही. चुलींचा नियमित वापर कमी झाला, दुरुस्तीकडे दुर्लक्ष झाले. प्रयोगशाळेतले आकडे खोटे नव्हते. ते प्रयोगशाळेतल्या चुलीचे आकडे होते.

आपल्या जुन्या चुलीकडेही जरा आदराने पाहायला हवे. मुख्य जाळावर तवा आणि वाया जाणाऱ्या उष्णतेवर शेजारच्या वैलावर आमटी, ही सोय कोणा अभियंत्याने शिकवलेली नाही. एकाच जाळाचा दोनदा उपयोग करण्याचे तत्त्व वैलात आहे आणि अनेक सुधारित चुलींतही तेच आहे. ज्या बाईला वैल कळतो तिला कार्यक्षमता कळत नाही, असे कसे म्हणता येईल?

शेवटच्या सोळा टक्क्यांचा शिक्का

आता सिद्धांतातल्या दुसऱ्या, अधिक गंभीर दोषाकडे वळू. २.५, १३.५, ३४, ३४ आणि १६ हे आकडे कोणत्या पाहणीतून आले? ते पाहणीतून आलेलेच नाहीत. स्वीकाराच्या वेळांचा घंटेसारखा प्रसामान्य वक्र काढायचा, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या अंतरावर रेघा मारायच्या. रेघांमध्ये येणारे क्षेत्रफळ म्हणजेच हे टक्के. सांख्यिकी शिकवणाऱ्या शिक्षकांना ते लगेच ओळखू येतील.

याचा अर्थ असा की गट पाडण्याची ही रीत वापरली की रेंगाळणारे सापडणारच. वर्गातली सगळी मुले उत्तम शिकली तरी शेवटचा नंबर कोणाचा तरी येतोच, आणि त्या मुलाला ‘ढ’ म्हणणे किती अन्यायाचे आहे हे शिक्षकांना सांगायला नको. शिवाय ज्यांनी वस्तू कधीच घेतली नाही, किंवा घेऊन विचारपूर्वक सोडून दिली, त्यांना या वक्रात जागाच नाही.

रॉजर्स यांच्या प्रामाणिकपणाला मात्र दाद द्यायला हवी. १९५४ साली पीएच.डी.साठी आयोवातल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेताना त्यांना एक शेतकरी भेटला. त्याने तणनाशके, रासायनिक खते असे सगळेच नाकारले होते. शेजारी ही रसायने वापरून गांडुळे आणि पक्षी मारत आहेत, असे त्याचे म्हणणे होते. रॉजर्स यांच्या मोजपट्टीवर त्याला सर्वांत कमी गुण पडले आणि तो रेंगाळणारा ठरला. पुढे रसायनांचे दुष्परिणाम उघड झाले तेव्हा तो शेतकरी मागे नव्हे, पुढे होता असे दिसले. ही हकिकत रॉजर्स यांनी स्वतःच पुस्तकात दिली आहे. नवे ते चांगलेच हे गृहीत धरणे, आणि अपयशाचा दोष व्यक्तीवर टाकणे, हे या संशोधनातले दोन पूर्वग्रह आहेत, असेही ते लिहितात. तरी ‘लॅगार्ड’ हा शब्द पाचव्या आवृत्तीपर्यंत तसाच राहिला. आणि योजना आखणाऱ्यांनी पुस्तकातली कबुली सोडून शब्द तेवढा उचलला.

पुस्तकातलेच पेरू देशातले लोस मोलिनोस गाव पाहा. पाणी उकळून पिण्याची मोहीम तेथे दोन वर्षे चालली आणि २०० कुटुंबांपैकी अवघ्या ११ नव्या कुटुंबांनी ते मान्य केले. तेथील समजुतीप्रमाणे पदार्थ ‘उष्ण’ किंवा ‘थंड’ असतात आणि उकळलेले पाणी आजाऱ्यांसाठी असते. पपई उष्ण, काकडी थंड असे मानणाऱ्या आपल्याकडे हे विचित्र वाटू नये. तेथे जंतूंचे शास्त्र बरोबरच होते. पण आधीच अस्तित्वात असलेल्या विचारव्यवस्थेशी न बोलता ते गावावर लादले गेले.

दरी आणि तिच्यावरचा पूल

१९९१ साली जेफ्री मूर यांचे ‘क्रॉसिंग द कॅझम’ हे पुस्तक आले. ते संगणक-उद्योगासाठी लिहिलेले आहे. हौशी ग्राहक आणि बहुसंख्य ग्राहक यांच्यामध्ये एक दरी असते व पुष्कळ वस्तू त्या दरीत पडतात, असा त्यांचा दावा. अशी दरी असल्याचा पुरावा आधीच्या संशोधनात नाही, असे रॉजर्स यांनी बजावले आहे आणि ते योग्यच आहे. तरी मूर यांचा एक मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. हौशी माणसाला वस्तू अर्धवट असली तरी चालते, उरलेले तो स्वतः जुळवून घेतो. सामान्य माणसाला पूर्ण वस्तू लागते : वस्तू, तिचे सुटे भाग, दुरुस्त करणारा आणि आपल्यासारखाच दुसरा कोणी ती वापरतो आहे याची खात्री. कुकरला रबरी रिंगेचे दुकान होते. चुलीला काजळी काढणारा ब्रश नव्हता.

चीनमध्ये याच काळात, १९८०च्या दशकात, सुधारित चुलींचा कार्यक्रम झाला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तेथे दहा कोटींहून अधिक चुली बसल्या. कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली त्याचे विश्लेषण केले. ज्या भागांत सरपणाची टंचाई होती तेथून सुरुवात झाली, चुलीचा बहुतेक खर्च कुटुंबांनी उचलला आणि सरकारचा पैसा मुख्यतः प्रशिक्षण, व्यवस्था व स्थानिक कारागिरांच्या उद्योगाकडे गेला. आपल्याकडे किमतीच्या निम्मे किंवा त्याहून जास्त अनुदान आणि पूर्ण करायची लक्ष्यसंख्या यांवर भर होता. गवंड्याचा ग्राहक कोण, घरातली बाई की सरकारी कार्यालय, यावर चुलीचे भवितव्य ठरले.

घरातही हाच प्रश्न असतो. धूर एकीच्या छातीत जातो आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात असतात. बांगलादेशात ग्रँट मिलर आणि मुश्फिक मोबारक यांना असे आढळले की चूल फुकट मिळत असेल तर आरोग्यास चांगली चूल निवडण्याकडे स्त्रियांचा कल पुरुषांपेक्षा जास्त असतो, पण थोडी जरी किंमत ठेवली की हा फरक उरत नाही. ‘फायद्याची वाटते का’ ही पहिली कसोटी लावताना कोणाला वाटते हे विचारावेच लागते.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस कोट्यवधी घरांत नेला. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९मध्ये मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. चुलीपेक्षा गॅस बहुतेक कसोट्यांवर सरस आहे. पण महालेखापरीक्षकांच्या २०१९च्या अहवालात लाभार्थ्यांच्या वर्षाच्या पुनर्भरणाची सरासरी सव्वातीन सिलिंडरांच्या आसपास होती. एवढ्यात कुटुंबाचा वर्षाचा सगळा स्वयंपाक होत नाही. उरलेला चुलीवर होत होता. स्वीकार ही एका दिवसात घडणारी घटना नसते. सिलिंडर संपला की प्रत्येक वेळी निर्णय नव्याने करावा लागतो, आणि तो हातातल्या रोख पैशावर ठरतो. अशा बाईला रेंगाळणारी म्हणायचे की हिशेबी?

मग पुस्तक वाचावे का?

जरूर वाचावे. पाच कसोट्या जवळ ठेवाव्यात, एस आकाराचा आलेख समजून घ्यावा, आणि माणसांचे पाच गट पाडणारे कोष्टक सोडून द्यावे. वस्तू पडून राहिली तर आधी वस्तूची परीक्षा घ्यावी, मग ती पुरवणाऱ्या व्यवस्थेची, मग खर्चाची. वापरणाऱ्याच्या बुद्धीवर शंका घेण्याची पाळी त्यानंतर, आणि आमच्या मते तोवर ती बहुधा येतच नाही. आम्हा संशोधकांना यातून एक काम मिळते : महिनाभर खऱ्या घरात खरा स्वयंपाक झाल्याशिवाय चुलीला गुण देऊ नयेत, आणि ते गुण स्वयंपाक करणारीनेच द्यावेत.

आठवी ते दहावीच्या वर्गांना हे करून पाहता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातली एक रोज वापरली जाणारी आणि एक पडून असलेली वस्तू निवडावी. ती वापरणाऱ्या व्यक्तीला विचारून पाचही कसोट्यांवर प्रत्येकी दहापैकी गुण भरावेत. त्याखाली आणखी तीन प्रश्न लिहावेत : ही घ्यायची कोणी ठरवले? बिघडली तर कोठे नेता? दर महिन्याला हिच्यावर किती खर्च होतो? तक्ते वर्गात भिंतीवर लावले की पडून असलेल्या वस्तूंची कारणे मुलांना आपोआप दिसू लागतील. शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेल्या एखाद्या वस्तूचा तक्ता शिक्षकांनीही भरून त्यांच्या शेजारी लावावा.